कसंतरी होऊन राहिलं

"बाई काय म्हणाली?" केसपेपर हातात घेताच डॉ. उज्ज्वला तायडे मॅडमचा हा पहिला प्रश्न. 'छातीत अस्वस्थता' असं उत्तर दिलं की केसपेपर परत यायचा. "हे तू म्हणते. बाई काय म्हणाली?"

मॅडम नांदगाव खंडेश्वरच्या. अमरावतीत मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांचा नियम असा, की पहिली ओळ पेशंटच्या तोंडची, जशीच्या तशी. आपलं निदान त्याखाली. ठणकणं वेगळं, चमकणं वेगळं, भगभगणं वेगळं, हे पुस्तकाआधी त्यांनी शिकवलं.

एकदा शेंदूरजनाघाटची एक बाई म्हणाली, "कसंतरी होऊन राहिलं." आमच्यातला एकजण हसला. "मॅडम, हे काय लक्षण झालं?"

"तब्येत अरबस्तानातून आली, दवाखाना इराणातून. इतक्या दुरून आलेल्या शब्दायले घरात घेतलं, मंग गावच्या कसंतरीले काहून बाहेर उभं करतं? बायकायच्या छातीत कळ येईलच असं नाही, बापू. त्यायले कसंतरीच होते. काढ ईसीजी."

त्याने काढला आणि हसणं थांबलं. ती बाई पुढे आपल्या पायांनी घरी गेली.

आता मी अकोल्यात वॉर्ड सांभाळते. दवाखान्यात कॉम्प्युटर आले, त्यात तक्रारींची तयार यादी आली. निवृत्त होऊन मुलीकडे अकोल्यात राहायला आलेल्या मॅडमनी फोनवर विचारलं, "तुह्या यादीत कसंतरी आहे काय?"

"नाही."

"मंग कर त्याची सोय."

केली. यादीआधी 'इतर'चा रकाना पेशंटच्याच शब्दांत भरायचा, असं सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना बजावलं. कुरकुर झाली, पण नियम टिकला.

गेल्या हिवाळ्यात मुलगी मॅडमना रिक्षातून घेऊन आली. मी तेव्हा दुसऱ्या इमारतीत होते. ड्यूटीवरची शिकाऊ डॉक्टर पोरगी त्यांना ओळखत नव्हती. तिने विचारलं, "आजी, काय होतंय?"

"कसंतरी होऊन राहिलं, बाई."

पोरीने तेच शब्द टाइप केले आणि लगेच ईसीजी काढला. हृदयविकाराचा झटका होता. उपचार वेळेत सुरू झाले.

दोन दिवसांनी मॅडम उठून बसल्या. गोळी घेण्याआधीच पहिली फर्माईश, "माहा कागद दाखव." पोरीने प्रिंट आणून दिली. मॅडमनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली.

"म्या 'बाई' म्हटलं होतं शेवटी. ते कुठी गेलं?"

पोरीने ते तिथेच पेनने लिहिलं. मग मॅडमनी गोळी घेतली.