शालनआक्कांच्या मुरुडशेंगा

शालनआक्कांची नि माझी ओळख सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली. कराडच्या आमच्या महाविद्यालयात बागेची देखरेख नुकतीच माझ्याकडे आली होती. जतकडच्या मेंढपाळ घरातल्या आक्का तेथे माळीकाम करीत. दारालगतची पाच झुडपे दाखवून त्या म्हणाल्या, "ही मुरुडशेंग. पावसाळ्यात तांबडी फुलं, थंडीत पिळाच्या शेंगा. बारा म्हैनं बघत ऱ्हावं." रानातून बी आणून त्यांनीच ती वाढवली होती. विलायती रोपांसाठी वरून कितीही आग्रह झाला, तरी ती जागा त्यांनी सोडली नाही.

पुढच्याच चैत्रात आक्कांना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला नेले. झुडपे माझ्यावर सोपवली गेली आणि आठवड्यात त्यांची पाने झडू लागली. घाबरून मी दोन्ही वेळा पाणी घालू लागलो, तरी फांद्या उघड्याच पडल्या. त्यातच पाहुणे येणार म्हणून वाळलेली झाडे उपटण्याचा आदेश निघाला. माझ्या हातून आक्कांची झुडपे मेली, या धास्तीने मी तोंड उघडले नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मी त्यांना मिरजेत भेटलो; झाडे उपटायचा दिवसही तोच होता. हे सांगायचे नाही, असे ठरवूनच गेलो होतो.

"तुमी कायतरी लपवताय," आक्का म्हणाल्या.

मी सारे सांगून टाकले. त्यांचा चेहरा उतरला.

"आवं, पानगळ हाय ती! पाणी थांबवा, मुळं कुजतील. नखानं साल खरवडून बघा. आत हिरवं असंल तर जित्ती हायती. माझ्यापाशी बसू नगा, जावा!"

महाविद्यालयात फोन कुणी उचलेना. कराडची एसटी धरली. इकडे झुडपे, तिकडे आक्का. पोहोचलो तेव्हा दोन झुडपे उपटून पडली होती. तिसऱ्यावर टिकाव पडणार, तोच मी आडवा आलो. साल खरवडली. आत हिरवेगार होते. तीन वाचली.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडल्याचे संध्याकाळी कळले. पण दोन झुडपे गेल्याचे सांगायला मी भीत भीतच पुन्हा मिरजेला गेलो. आक्का म्हणाल्या, "भ्यालासा व्हय? बी हाय की माझ्याकडं. आपण दोघं लावू."

आज आक्कांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या तपासणीचा दिवस आला की अजूनही मी फोनजवळून हलत नाही. त्यांच्याकडून शिकायचे फार राहिले आहे. आक्का, आम्हाला घाबरवायचे आता पुरे. ठणठणीत राहा आणि पुष्कळ, पुष्कळ जगा.