चालण्यापुरती सपाट जागा

नवी जागा दिसली की बाबा आधी उजव्या पायातली चप्पल काढायचे. अनवाणी तळवा जमिनीवर टेकवायचे, जरा दाबायचे, मागेपुढे घासायचे. मध्येच कुणी बोलायला लागलं तर हात वर करायचे. "थांबा राव, पायाला कळू द्या." मग मान हलायची. बहुतेक वेळा नकाराची.

पहिल्यांदा मी त्यांना आमच्या दवाखान्याच्या ओसरीत असंच एका पायात चप्पल घालून उभं असलेलं पाहिलं. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका गावात मी नर्स होते. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या पायात काटा गेलाय. मी चिमटा घेऊन बाहेर आले.

"काटा न्हाई, शिस्टर. फरशी बगतोय. घसरती."

मीही त्यांना बाबा म्हणायला लागले. ते मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याचे ठरावीक मैल सांभाळणारा सरकारी माणूस. खड्डे बुजवायचे, कडेचे चर मोकळे करायचे, पावसात वाहून आलेले दगड हलवायचे. सारी नोकरी त्या तेवढ्याच मैलांवर झाली. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या बायकोला, मी त्यांना मावशी म्हणायचे, अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय ओढायला लागला. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: आता चार-सहा महिने रोज चालल्या तर पाय सुधारेल. नाहीतर आखडेल, आणि मग अंथरूण सुटणार नाही.

मीही तेच पुन्हा ऐकवलं. फुकटचा सल्ला द्यायला आम्हा नर्सांना काय लागतं! "रोज सपाट जागेवर चालवा त्यांना, बाबा."

"चालवतो की. पर सपाट जागा कुठं हाय, तेवडं सांगा."

तुम्हीही आपल्या गावापुरता विचार करून बघा. म्हाताऱ्या माणसाला न अडखळता शंभर पावलं टाकता येतील, अशी घराजवळची एक जागा. आमच्याकडे सगळा उतार. दारापुढे गोटे, गोठ्यापुढे चिखल, पुढे भातखाचरांचे बांध. दोन वर्षं त्या गावात राहून मला एक जागा आठवेना, आणि त्याची मला लाजच वाटली.

दर गुरुवारी मावशींच्या गोळ्या न्यायला आले की ते मला शोधाची हकीकत सांगायचे. मीही वाट बघायला लागले. शाळेचा व्हरांडा चांगला होता, पण तिथे पोरं सुसाट पळायची. देवळाच्या सभामंडपाला नवी चकचकीत फरशी बसली होती. "लई गुळगुळीत. देव एका जागी बसून आसतो, त्याला काय!" लेकीच्या घरी, निमगाव साव्याला, अंगणात झकास कोबा होता. पण लेकीच्या सासरी पाय ओढत फिरायला मावशी तयार नव्हत्या.

"आणि तुमचा डांबरी रस्ता?" मी एकदा विचारलं.

"त्यो गाड्यांचा झाला, शिस्टर. मी उभ्या जल्मात त्याचे खड्डे भरले. पर तिला घिऊन त्याच्यावर उभं ऱ्हायाची मला भीती वाटती."

एका गुरुवारी आलेच नाहीत. पुढच्या गुरुवारी कळलं, गडी लेण्याद्रीला जाऊन आला होता. तिथल्या दगडावर पावसातही पाय घसरत नाही असं कुणीतरी सांगितलेलं. लोक गणपतीला निघालेले आणि हे पायरीपायरीवर चप्पल काढून उभे. मागून येणाऱ्या बायकांना वाटलं, काही नवस असेल. एकीने तर पाया पडून घेतलं!

"मग? कसा आहे रस्ता?"

"एक नंबर. पर उभा हाय!" म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. मग एकदम कामाचं बोलले. "जितं टाकीचे घाव शाबूत हायेत ना, तितं पाय धरतो. जितं झिजलंय तितं सटकतो. आता मीच करतो रस्ता."

केला. घराच्या मागच्या दारापासून परड्यातल्या फणसापर्यंत. ओढ्यातली खडी आणून पसरली, धुमसाच्या जड ठोकळ्याने ठोकली, वर सिमेंटचा कोबा. महिना गेला. तोवर मावशींच्या पायाची बोटं आत वळायला लागली होती. मी रोज मालीश करायला जायचे आणि मनातून धास्तावलेली असायचे.

रस्ता वाळला त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं. बाबांनी आधी मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. पाणी दोन्ही कडांना सरळ वाहून गेलं. "बगा! थेंब ऱ्हात न्हाई. मधी उंच, दोनी अंगाला उतार. पानी साठलं की रस्ता मरतो."

मावशी काठी टेकत निघाल्या. सातआठ पावलांत त्यांचा डावा पाय त्या उतारावर बाहेर घसरायला लागला. पाय सावरेना, तोल राहीना. मी धरायला धावले, तोवर त्या खाली बसल्या होत्या.

"आवं, हा यष्टीचा रस्ता केलाय तुमी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "यष्टी चार चाकांवर आसती. मला एकच पाय हाय."

मला हसू आलं होतं. बाबांचं तोंड बघितलं आणि ते गेलं. साऱ्या नोकरीत शिकलेली एकच विद्या त्यांनी बायकोसाठी जीव ओतून वापरली होती, आणि तीच नडली होती. ते उकिडवे बसून रस्त्यावरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मालीशला गेले तर परड्यात पहारीचे घाव पडत होते. आपलंच काम ते उखडत होते. या खेपेला गवंड्याची सपाटी बघायची पाणसळ मागून आणली आणि इकडून तिकडे अगदी सपाट कोबा केला. ओला असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, पाय धरायला.

"आणि पाणी साठेल त्याचं?" मी विचारलं.

"पानी मी काढंन की. त्यात काय!"

आणि खरंच, पुढचे सगळे पावसाळे, सर येऊन गेली की डोक्यावर पोतं घेऊन बाबा परड्यात खराटा चालवत असायचे. मावशी पहिल्या आठवड्यात पाच पावलं चालल्या. दिवाळीला फणसाच्या बुंध्याला हात लावून आल्या. पाय पूर्ण सुधारला नाही, पण आखडला नाही. मला मनापासून आनंद झाला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझा एक सल्ला कुणीतरी इतका शब्दशः पाळला होता.

पुढे माझी बदली जुन्नरकडे झाली. काही वर्षांनी हिवाळ्यात फोन आला, बाबा झोपेतच गेले. मी पाचव्या दिवशी पोचले. ओटीवर बायका बसलेल्या, पण मावशी त्यांच्यात नव्हत्या. मावशींच्या नणंदबाई रागाने पुटपुटल्या, "परड्यात फिरतीया. सुतकात आसं कुनी फिरतं का? लोकं काय म्हनतील!"

मी मागे गेले. मावशी काठी टेकत कोब्यावरून चालल्या होत्या. मला बघून थांबल्या नाहीत.

"मी आता धा-बारा दिस कोपऱ्यात बसले तर पाय आखडंल, शिस्टर. मंग मला कोन चालवनार? त्यांनी येक दिस बसू दिलं न्हाई."

मी त्यांच्या बाजूने चालायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. उजव्या हातात काठी होती आणि डावा हात उचलला जात नव्हता. फणसाशी पोचल्यावर मी माझ्या पदराने त्यांचे डोळे पुसले, आणि आम्ही परत फिरलो.