कुंकवाच्या ताटापासून चार हात लांब

"बाई, तुम्ही जरा मागे उभ्या राहा. शुभकार्य आहे."

वहिनींनी हे हसून सांगितलं. त्यांच्या हातात हळदकुंकवाचं ताट होतं. ते मीच लावलं होतं. मुलुंडच्या शाळेचं सभागृह मी मिळवलं, त्याची किल्ली शाळेनं माझ्याकडेच दिली, सतरंज्या मी आणवल्या, कोण कुठे बसणार ते मी ठरवलं. महिला मंडळाची चिटणीस मी. अध्यक्ष मात्र वहिनींचे यजमान, वखारवाले अण्णासाहेब. महिला मंडळाला पुरुष अध्यक्ष, आणि कुणाला त्यात काही खटकत नव्हतं.

मी विधवा. तेव्हा मागे.

पाहुण्या एक परदेशी बाई होत्या. कुठल्या देशात बायकांना काय हक्क मिळतात, याचा अहवाल त्या एका आंतरराष्ट्रीय आयोगासाठी करत होत्या. त्यावरून देशोदेशींची सरकारं करार करणार होती. वहिनींनी त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली. मी भिंतीशी.

मग मला पुढे बोलावलं. सरळ इंग्रजी बोलणारी तिथे मी एकटीच. माझं कपाळ अशुभ, जीभ मात्र त्यांना चालत होती.

पाहुण्यांनी विचारलं, "नवरा गेलेल्या बाईला इथे कसं वागवतात?" मी प्रश्न मराठीत सांगितला.

अण्णासाहेब लोडाला टेकूनच म्हणाले, "सांगा, आमच्याकडे विधवेला देवीसारखं मानतात. भेदभाव वगैरे आता राहिला नाही."

हे माझ्या तोंडून त्या अहवालात जाणार होतं. माझ्यासारख्या किती जणींच्या दारावर ते कायमचं खिळ्यानं ठोकलं जाणार होतं.

"हे मी सांगणार नाही. माझं मी सांगते."

"अहो, तुमचं कोणी विचारलंय? भाषांतर करा ना."

मी पाहुण्यांकडे वळले. इंग्रजीत म्हणाले, "मी विधवा आहे. मघाशी तुम्हाला कुंकू लावताना मला दूर उभं केलं होतं."

त्यांचा हात कपाळाकडे गेला. म्हणाल्या, "माझा नवरा युद्धात मेला."

हे मी मोठ्यानं मराठीत सांगितलं. शेवटच्या सतरंजीपर्यंत.

वहिनींनी ताट पदराआड घेतलं. "त्यांचं वेगळं हो. त्या साहेबाच्या देशातल्या."

म्हणजे नवरा मेल्यानं बाई अशुभ होत नाही. गोरं नसल्यानं होतं. इतकी वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी मी आपणहून दार लावून घरात बसले, ते याच्यासाठी. किळस आली. त्यांची, आणि त्या बंद दाराचीही.

सभा संपल्यावर अण्णासाहेब जिन्यात म्हणाले, "परक्यांसमोर आमची वाट लावलीत. चिटणीसपद सोडा आता."

"सोडणार नाही. सभागृहाची किल्ली माझ्याकडे आहे. पुढच्या सभेला अध्यक्ष बाई असेल आणि ताट माझ्या हातात. नाहीतर कुलूप उघडणार नाही."

किल्ली अजून माझ्या कमरेला आहे.