चौकातला फ्लेक्स आणि वहिनीची संक्रांत

माझी वहिनी मणिपूरची. दादा फौजेत आहे. तिकडे पोस्टिंगवर असताना त्यानं लग्न जमवलं आणि तिला थेट गेवराईला घेऊन आला. आईनं सुनेला ओवाळून घरात घेतलं खरं, पण तिच्या माघारी गल्लीत बोलताना ती "आमची चिनी सून" असंच म्हणायची. मी भडकले की म्हणायची, "लाडानं म्हणते गं. तुला कावून झोंबतं?" मी मुळात तापट, त्यामुळे माझं झोंबणं घरात कुणी फारसं मनावर घेत नसे.

वहिनीची पहिली संक्रांत आली. आईनं हौसेनं काळी साडी घेतली, हलव्याचे दागिने करवून आणले, अख्ख्या गल्लीला हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं. त्या दुपारी वाण आणायला मी बाजारात गेले, तर चौकातल्या चायनीजच्या गाडीवर नवाकोरा फ्लेक्स झळकत होता. 'चिंकीच्या हातचं झणझणीत चायनीज!' आणि नूडल्सच्या ताटलीमागे हसत उभी होती माझी वहिनी.

दादाच्या लग्नात मित्रांनी याच चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लावला होता. तो फोटो फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये पडून होता. गाडीवाला म्हणाला, एखादी चिंकी टाक. फ्लेक्सवाल्यानं दादाला कापून टाकलं आणि वहिनीला तेवढं उचललं. काम फत्ते!

मी गाडीवाल्यावर तुटून पडले. त्यानं कानाला हात लावले. "ताई, देवाशपत, तुमच्या वैनीचा फोटो हाय ते ठावं न्हवतं. पर चिंकी म्हंजी काय शिवी हाय का? समदेच म्हणतेत."

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. कुणीतरी मोबाइलवर फोटो धाडला होता. काळी साडी नेसून बसलेली वहिनी गळ्यातला हलव्याचा हार काढत होती.

"ताई, मी बायकांसमोर येणार न्हाई," ती म्हणाली. "दिल्लीत शिकत होते तेव्हा रोज हाच शब्द. बसमध्ये, दुकानात. हितं कुणी तोंडावर म्हणत न्हवतं, म्हणून मला हितं बरं वाटायचं. ह्यांना फोन केलाय. मला घेऊन जा म्हटलं."

दारात आई कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि तो हार पुन्हा सुनेच्या गळ्यात बांधला.

"ऊठ पोरी. हळदीकुंकू चौकात करू."

आलेल्या बायका आमच्या मागे निघाल्या. काळ्या साड्यांचा तो घोळका भर बाजारातून चालला तेव्हा भाजीवाल्यांनी ओरडणं थांबवलं. गाडीवाल्याचा झारा हातातच राहिला.

"काकू, फोटोवर कागद चिकटवतो की," तो गडबडीनं म्हणाला. "नाव तेवढं राहू द्या. गिऱ्हाइकाला तेच आवडतंय."

वहिनी पुढं झाली. मराठी ती आईकडूनच शिकलेली, त्यामुळे अस्सल आमच्याकडची.

"भाऊ, फोटो माझा हाय, पण नाव माझं न्हाई. उन्हाळ्यात माझी लहान बहीण येणार हाय. तिचा फोटो कुठंच न्हाई, तरी लोक तिला ह्याच नावानं हाक मारतील. कावून? तिनं काय केलं?"

गाडीवाला घामाघूम, पण हार मानेना. "मंग काकू, तुमी सोता गल्लीभर चिनी सून म्हणत होता की! माजंच तेवढं चुकलं?"

मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. वहिनी आईकडं बघत राहिली. हे तिला माहीतच नव्हतं.

"म्हणत होते," आई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मला लाड वाटायचा. हिला काय वाटंल ते कदी इचारलंच न्हाई. ह्या समद्या बायांसमोर सांगते, पुन्यांदा तो शबूद माज्या तोंडून निघायचा न्हाई. पोरी, माजं चुकलं. आन् तू रं, बघतूस काय? उतरव ते!"

तो स्टुलावर चढला आणि त्यानं स्वतःच दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली आला तेव्हा बायकांनी असा गलका केला की बँकेतली माणसं बाहेर आली. मी तर शिट्टी मारली, आणि तिची मला आजही लाज वाटत नाही. आईनं तिथंच, कढईशेजारी, आधी सुनेला हळदीकुंकू लावलं आणि मग बाकीच्यांना. गाडीवाल्यानं खाली मान घालून तिळगूळ घेतला.

तेवढ्यात दादाचा फोन आला. त्याच्याशी वहिनी एरवी हिंदीत बोलायची. त्या दिवशी चौकात उभं राहून, खणखणीत आवाजात, मराठीत बोलली.

"न्यायला येऊ नका. सुट्टी मिळाली की घरी या. आमी हितंच हाव."