कोंडाबाईचे दोन भार

म्हैसूर राज्यात आमचा मराठी-कानडी सीमेवरचा भाग सामील होऊन दहाएक वर्षे झाली होती. त्या काळात मुडबीच्या ख्रिस्ती आळीत कोंडाबाई नावाची विधवा राहत असे. नवरा गेल्यावर तिच्या दोन मुलांचे, थोरल्या नरसिंगचे आणि धाकट्या पिराजीचे, खळ्यावरून बिनसले. आधी मळणी कोणी करायची, एवढाच प्रश्न होता. परंतु दोघांनीही बापाचा हट्ट घेतलेला असल्यामुळे पुढची सुगी येण्यापूर्वीच अंगणात मातीची भिंत उभी राहिली आणि भावाभावांचे बोलणे बंद झाले.

घर दोन झाले तरी खळे एकच होते आणि बैलजोडीही एकच होती. त्यामुळे रोज काही ना काही विचारावे लागे. ते विचारण्याचे काम कोंडाबाईकडे आले. नरसिंग म्हणे, "माय, त्या आडमुठ्याला सांग, खळ्यातला तुझा कडबा उचल म्हणावं, न्हाईतर काडी लावतो." कोंडाबाई भिंतीला वळसा घालून जाई आणि पिराजीला सांगे, "दादा म्हणायलाय, आभाळ आलंय, तुझा कडबा भिजंल, आत घे." पिराजी तोंड वाकडे करून म्हणे, "त्याला कवापासून माझ्या कडब्याची काळजी?" हा टोमणा परतीच्या वाटेवर गळून पडे आणि नरसिंगच्या कानावर एवढेच जाई की धाकटा उद्या कडबा हलवील.

असे शब्द धुऊन पोचवता पोचवता तिची प्रकृती खालावली. छातीत जळजळ होई, घास गिळवत नसे, आणि भिंतीपलीकडे भांडे जरी आपटले तरी तिच्या हातापायांतले बळ जाई. परंतु तिने त्याविषयी तक्रार केली नाही. प्रार्थनेला जमणाऱ्या बाया म्हणत, "कोंडाबाई क्रूस वाहायली." तिलाही ते पटले होते. प्रभूने वाहिला, तर आपण का वाहू नये, असे तिचे साधे म्हणणे होते.

त्याच वर्षी आळीतल्या ख्रिस्ती देवळाच्या ओट्यावर प्रौढांचा वर्ग सुरू झाला. मंडळीची सेविका लक्ष्मम्मा संध्याकाळी कंदील लावून शिकवीत असे. तिची मायबोली कानडी होती. मराठी तिने आमच्यात राहून कमावली होती. कोंडाबाई पन्नाशीकडे झुकलेली होती, तरी अक्षरांना ती लवकर सरावली. म्हणून सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, धडा कोंडाबाईने वाचावा, असे लक्ष्मम्माने ठरविले. त्या दिवशी प्रत्येक घर नव्या जोंधळ्याची टोपली वेदीपुढे ठेवते आणि आसपासच्या खेड्यांतील माणसेही येतात. अशा सभेत आमच्यातल्या बाईने उभे राहून वाचण्याची रीत तोवर नव्हती.

कोंडाबाईला धडकी भरली. भाकरी थापताना ती ओळी पुटपुटे आणि मध्येच अडखळली की तव्यावरची भाकरी करपे. ही भीती म्हणजे आपल्या विश्वासातली खोट आहे आणि म्हणून पाप आहे, असे तिने मनाशी ठरवून टाकले. एका संध्याकाळी इतर बाया गेल्यावर ती लक्ष्मम्मापुढे उभी राहिली आणि तिने धडा परत घेण्याची विनंती केली.

"कामून?" लक्ष्मम्माने विचारले.

"छाती धडधडती, अक्का. प्रभूवर भरवसा असता तर धडधडली असती का?"

लक्ष्मम्माने कंदिलाची वात खाली केली. धरला जाण्याआधी बागेत प्रार्थना करताना प्रभूच्या अंगातून घाम टपकला होता, याची तिने आठवण करून दिली. तो घाबरला म्हणून कोणी त्याला अविश्वासू म्हटले नाही, असे ती म्हणाली. मग तिने विचारले की वर्गातून घरी गेल्यावर कोंडाबाईला भूक लागते काय.

"लागती की. झोपबी लागती."

"आन भिंतीपलीकडनं आल्यावर?"

कोंडाबाईचा हात छातीकडे, जळजळ होई तिथे गेला. लक्ष्मम्माने धडा मात्र परत घेतला नाही. "पहिल्या ओळीपासून वाच, मधूनच सुरू करू नको," एवढे सांगून तिने देवळाला कुलूप लावले.

धडा त्या धनवान शेतकऱ्याचा होता, जो कोठारे वाढवायला निघाला आणि त्याच रात्री मेला. हा दाखला कोंडाबाईने लहानपणापासून ऐकला होता. उपदेशक नेहमी कोठारांपासूनच सुरुवात करीत, कारण सुगीला तेच शोभे. आता ती बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचू लागली, तेव्हा कोठारांच्या आधी तिला दोन भाऊ भेटले. गर्दीतला एक माणूस प्रभूला विनवतो की माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. आणि प्रभू ते काम अंगावर घेत नाही. दोघांच्या मध्ये उभे राहण्यास तो चक्क नकार देतो. कोंडाबाईने त्या ओळी पुन्हा वाचल्या. आपले अक्षर चुकले असेल, अशी तिला शंका आली. अक्षर बरोबर होते.

सण जवळ आला तसा नरसिंगने नवा निरोप काढला. बापाच्या नावाची टोपली यंदा आपल्याच घरातून निघेल, असे पिराजीला सांगायला त्याने आईला फर्मावले. हा निरोप धुण्यासारखा नव्हता. तो जसाच्या तसा गेला तर हाणामारी होईल, हे तिला दिसत होते. ती दारात बसून धडा वाचत होती. ती उठली नाही.

"माय, ऐकायलीस न्हवं?"

"ऐकलं. मी न्हाई सांगणार. तो भिंतीपल्याड हाय, तूच सांग."

नरसिंग थक्क झाला. "आजवर सांगत आलीस की."

"ते मी माझ्या पदरचं सांगत होते, बाबा. तुझं न्हवतं ते, आन त्याचंबी न्हवतं."

भिंतीपलीकडे पिराजीने हे ऐकले. तेथून जे सुरू झाले ते आळीतल्या सर्वांनी ऐकले. थोरल्याला आपल्या कडब्याची काळजी कधीच नव्हती, हे पिराजीला कळले. धाकट्याने आपल्याला कितीदा शिव्या घातल्या, हे नरसिंगला कळले. शेवटी दोघांचा राग आईवर वळला. "तू आमाला येडं बनवायलीस," असे पिराजी म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. कोंडाबाईचे पाय तिला ओढत होते. उठावे, वळसा घालावा आणि दोघांना शांत करावे, असे तिला फार वाटले. तिने डोळे मिटून प्रार्थना केली आणि जागा सोडली नाही. भांडण संपले तेव्हा कोणाचे डोके फुटले नव्हते. बैलजोडीचे दिवस मात्र भावांनी आपापसांत, ओरडून का होईना, वाटून घेतले होते.

उपकारस्तुतीच्या दिवशी एकाच बापाच्या नावाच्या दोन टोपल्या वेदीपुढे आल्या. त्यावर काही लोक हसले. सुनांनी सासूशी बोलणे टाळले. तिचा क्रूस वाखाणणाऱ्या बायांपैकी एकीने विचारले, "मुलांना असं मोकळं सोडलंस, बाई?" कोंडाबाई पानावर पहिली ओळ शोधू लागली.

नाव पुकारल्यावर ती उठली. दोन भावांच्या ओळीवर ती अडखळली. मंडळी थांबून राहिली. मागच्या रांगेत, एकमेकांपासून दूर, तिची दोन्ही मुले बसली होती. तिने श्वास घेतला, शब्द पहिल्या अक्षरापासून पुन्हा धरला आणि धडा शेवटपर्यंत वाचला.

जेवणाच्या पंगतीत लक्ष्मम्मा तिच्या शेजारी बसली. कोंडाबाईने दोनदा आंबील मागून घेतली. लक्ष्मम्माने विचारले की पुढच्या सणाचा धडा घेशील काय. तिची छाती पुन्हा धडधडली, आणि ती हो म्हणाली.