आयची गाणी

कप आधी खाली ठेवा. मागे हे सांगत होतो तेव्हा एकाला असा ठसका लागला, की त्याच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं ते मीच चहात तिखट टाकल्यासारखं! चारचौघांत माणूस इतका मूर्खपणा करू शकतो का? करू शकतो. मी केला. अकोल्यात, भर दुपारी, पोपटी शर्ट घालून.

मला इंग्रजी गाण्यांचं वेड आहे हे अमरावतीत माझ्या सगळ्या ओळखीच्यांना माहीत आहे. माहीत कसलं, भोगतात बिचारे! दर रविवारी सकाळी मी सगळ्यांच्या फोनवर दहा गाणी सुचवतो. तीही एका अक्षराची. एका रविवारी ‘ए’नं सुरू होणारी, पुढच्या रविवारी ‘बी’नं. कोणी ऐकतं का? कोण जाणे. अंगठे मात्र येतात. तर त्या वेळी मी ‘एच’ संपवलं होतं. पुढचं अक्षर कोणतं? ‘आय’. बास, एवढं ध्यानात असू द्या.

त्या आठवड्यात मी बडनेरा स्टेशनवर मेव्हण्याला गाडीत बसवून द्यायला गेलो होतो. फोन वाजला. अकोल्याचा प्रकाश वानखडे, माझा कॉलेजपासूनचा दोस्त. नुकतंच त्यानं नवं घर बांधलं होतं.

“सुध्या, रविवारी घरी कार्यक्रम हाये. तू येच.”

“हाव ना, येतोच! कशाचा...”

तेवढ्यात पलीकडून मालगाडी धडधडत निघाली. मी दुसऱ्या कानात बोट घातलं.

“अन् आयची गाणी पाठवून दे. आमच्या जवायाच्या फोनवर. साउंडचं सारं तोच पाहून राह्यला.”

“इंग्रजी ना?”

“मंग काय मराठी? तुह्याशिवाय कोणाले मालूम हायेत बे ते?”

काय सांगू, छाती अशी फुगली! मी कोणत्या अक्षरावर आहे हे या पठ्ठ्याला पाठ! आणि कार्यक्रम कशाचा हे काय विचारायचं? नवं घर, म्हणजे घरभरणी.

रात्रभर बसून... नाही, थापा नको, तासाभरात मी ‘आय’ची दहा गाणी काढली. घरभरणीला रडकी गाणी कोण लावतं? वेचून वेचून उड्या मारायची घेतली. नावं इंग्रजीत ऐकायला बरी वाटतात, पण तुम्हाला मराठीत करून सांगतो. पहिलं, ‘मी सुटलो एकदाचा!’ दुसरं, ‘मी आता घरी येत नाही जा!’ तिसरं, ‘मला तुमची आठवणसुद्धा येत नाही!’ पाठवून दिली जवायांना.

रविवारी पोपटी शर्ट चढवला. त्यावर नारळाची झाडं होती. बगलेत चमचमत्या कागदात बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ. एसटीनं अकोला, तिथून ऑटो. प्रकाशच्या दारात उतरलो आणि बघतो तर काय!

मांडवात शंभरेक माणसं. सगळी पांढऱ्या कपड्यांत. समोर बुद्धमूर्तीपाशी मेणबत्त्या, आणि शेजारी हार घातलेला काकूंचा फोटो.

काकू म्हणजे प्रकाशची आई. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मी अकोल्यात शिकायला होतो तेव्हा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला पडीक असायचो, आणि त्या जुन्या टेपवर आम्हाला इंग्रजी गाणी ऐकवायच्या. माझं वेड त्यांनीच लावलेलं. वर्षापूर्वी त्या गेल्या तेव्हा मी येऊन गेलो होतो. तारीख मात्र डोक्यातून साफ उडाली होती. हा त्यांचा पहिला स्मृतिदिन!

आणि मग, मित्रहो, माझ्या डोक्यात ती मालगाडी पुन्हा एकदा धडधडत गेली. आयची गाणी. घाईत बोलताना ‘आईची’ कुठं कोण म्हणतं? आयची गाणी म्हणजे आईची गाणी! तिच्या आवडीची!

प्रकाशनं मला मिठी मारली. शर्टावरच्या नारळांवर त्याचे अश्रू पडले.

“तू आला, लय बरं वाटलं. म्या अजून एक बी गाणं आयकलं नाही. सगळ्याइच्या संगंच आयकू म्हटलं.”

“प्रकाश, ऐक ना जरा...”

“बस, बस. वंदना सुरू होऊन राह्यली.”

त्यानं मला बसवलं ते थेट पहिल्या रांगेत. घड्याळ मांडीखाली सरकवलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. माझे हात जोडलेले, पण डोळे जवायांना शोधत होते. ते पार मागे, स्पीकरजवळ. मध्ये बायकांच्या सहा रांगा. आणि त्या बायका कोण? काकूंच्या शाळेतल्या शिक्षिका आणि जुन्या विद्यार्थिनी. सगळ्यांचं इंग्रजी पक्कं! शब्द न् शब्द कळणार!

भाषणं सुरू झाली. मी गुडघ्याआड फोन धरून जवायांना लिहिलं, ‘गाणी लावू नका.’ पाठवलं.

“टुंग!” अख्खा मांडव दणाणला. जवायांचा फोन स्पीकरला जोडलेला होता!

जवायांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन लांब धरून पाहिला आणि लांबूनच मला नमस्कार केला. काही वाचलं नव्हतं त्यांनी. नुसतं माझं नाव दिसलं असणार.

घामानं शर्ट पाठीला चिकटला. आता काय करणार? लावला फोन! आणि त्या फोनमध्ये एक बाई बसलेली. कोणाचा फोन आला ते मोठ्यानं सांगणारी.

“कॉल फ्रॉम... सुधाकर गाणेवाला. कॉल फ्रॉम... सुधाकर गाणेवाला.”

माइकवर बोलणाऱ्या काकूंच्या शाळेच्या हेडबाई थांबल्या. शंभर माना माझ्याकडे वळल्या. मी फोन कापला, पण उशीर झाला होता.

“मैतराले राहवून नाही राह्यलं,” प्रकाश माइकवर म्हणाला. “माह्या आईच्या आवडीची गाणी यानं अमरावतीहून पाठवली. लावा हो जवाईबापू.”

“अहो, नका!” मी ओरडलो. पण ढोल माझ्यापेक्षा मोठा होता.

धाड धाड धाड! आणि तो गाणारा किंचाळला, सुटलो एकदाचा!

काकू फोटोतून हसत होत्या. मांडवात दुसरं कोणीही हसत नव्हतं. हेडबाईंच्या भुवया पदरापर्यंत गेल्या. मी उठलो आणि बायकांच्या रांगांतून, “सरका, सरका हो ताई,” करत धावलो. कोणाच्या तरी पर्सच्या पट्ट्यात पाय अडकला. त्या गडबडीत जवायांना वाटलं हे गाणं चालत नाही, दुसरं पाहिजे. त्यांनी तत्परतेनं दुसरं लावलं.

मी आता घरी येत नाही जा!

मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीनं हुंदका दिला. मी गुडघ्यांवर रांगत पोचलो आणि स्पीकरची वायरच उपटली.

मेणबत्तीची वात चरचरलेली ऐकू आली.

“हे काय होय बे?” प्रकाश सावकाश म्हणाला. त्याचा चेहरा पाहून वाटलं, तीस वर्षांची दोस्ती आज इथंच संपली.

मी उभा राहिलो. खोटं बोलायचं पुष्कळ सुचलं, खरं सांगतो. पण त्या फोटोसमोर जीभ वळेना. अक्षर, मालगाडी, घरभरणी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. घड्याळसुद्धा दाखवलं.

प्रकाश माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा खालचा ओठ थरथरला. मला वाटलं, रडतो की मारतो! आणि तो खाली बसून पोट धरून हसायला लागला. हेडबाईंनी तोंडाला पदर लावला, पण त्यांचे खांदे हलत होते.

“बरं मंग,” डोळे पुसत प्रकाश म्हणाला, “आता आईची खरी गाणी सांग. लगेच लावू.”

पुन्हा शंभर माना वळल्या. सांगा बरं? दर रविवारी काकूंच्या घरी जी ऐकली, त्यांतलं एकही मला आठवेना! ए नाही, बी नाही, काहीच नाही.

तेव्हा काकूंची धाकटी बहीण, शांतामावशी, जागेवरूनच गुणगुणू लागली. शब्द तिला येत नव्हते, पण चाल चोख होती. दुसऱ्या ओळीला हेडबाईंनी शब्द भरले, तिसऱ्या ओळीला सगळ्या शिक्षिकांनी. स्पीकरची गरजच पडली नाही.

निघताना मी मावशीच्या पाया पडलो. म्हटलं, “मावशी, मला त्यातलं एकही कसं नाही हो आठवलं?”

मावशी म्हणाली, “कसं आठवन बाप्पा? अक्का म्हणे, पोरगं मोठं गोड हाये, पण गाणं लागलं की आपलंच बोलत राह्यते, आयकत कधीच नाही.”

“नाही हो मावशी, तसं नाही, त्या टेपचा आवाजच मुळात...”

“पाह्य,” मावशी म्हणाली.