चार आत, सहा बाहेर

माणसं भेटत असली की किस्से घडतात, असं मला वाटायचं. ते काही खरं नाही. २०२० सरता सरता आम्ही डब्लिनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकत नव्हतो, घरी कुणी येऊ शकत नव्हतं, आणि तरी त्या चार-पाच महिन्यांत जेवढे किस्से साठले तेवढे आधीच्या सहा वर्षांत साठले नव्हते. कारण एकच. मी गरोदर होते आणि आम्ही क्लास शोधत होतो.

क्लास म्हणजे बाळंतपणाच्या तयारीचा. इथे तो सगळेच करतात. पण त्या काळात नवऱ्याला हॉस्पिटलमध्ये अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत आत सोडत नव्हते. कळा सुरू झाल्या की बायको आत आणि नवरा पार्किंगमध्ये, गाडीत. वेळ जवळ आली की त्याला फोन करून बोलवायचे. सांगलीहून आईला आणावं तर विमानांचा पत्ता नाही. म्हणजे कळांचे ते सगळे तास मी एकटी असणार होते. मला दुखण्याची भीती कमी वाटत होती, एकटीने दुखण्याची फार वाटत होती. त्यामुळे क्लास कुठलाही असो, माझा प्रश्न ठरलेला असायचा: नवरा नसताना काय करायचं?

*

समीर, म्हणजे माझा नवरा, चेरीवूडच्या एका कंपनीत डेटाचं काम करतो. तेव्हा ते काम आमच्या जेवणाच्या टेबलावरून चालायचं. त्याने नऊ क्लासेसची एक्सेल शीट बनवली. वेळ, शिकवणारीचा अनुभव, लोकांचे रिव्ह्यू, प्रत्येकाला वेगवेगळे मार्क. यात दोन रविवार गेले. शेवटी शीटने पहिला नंबर काढला. मी लिंक उघडून बघते तर तो क्लास फक्त जुळी होणार असलेल्यांसाठी होता.

समीरने शीट परत वरून खाली तपासली. मग म्हणाला, "स्कॅन परत एकदा करून घ्यायचा का?"

*

हॉस्पिटलचे स्वतःचे क्लास बंद होते. त्याऐवजी त्यांनी व्हिडिओ पाठवले, मास्कच्या आधीच्या जमान्यातले. त्यात नवरा कंबर चोळून देतो, नवरा पाणी पाजतो, नवरा हात धरून खोलीत फिरवतो. समीर सगळं वहीत टिपून घेत होता. चौथ्या व्हिडिओला मी त्याला विचारलं, की हे सगळं तू गाडीत बसून कसं करणार आहेस?

त्याने वही मिटली.

*

मग आईने पुण्याचा एक ऑनलाइन क्लास सुचवला, गर्भसंस्काराचा. वेळ तिकडची दुपारी बाराची, म्हणजे आमच्याकडे सकाळचे साडेसहा. जानेवारीत इथे त्या वेळी मिट्ट काळोख असतो. पुण्याच्या ताई फार गोड बोलायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, सगळ्यांनी सूर्याकडे तोंड करून बसा.

समीरने फोनवर दिशा बघितली आणि मला खुर्चीसकट फिरवून किचनच्या प्रेससमोर बसवलं. प्रेस म्हणजे इथल्या लोकांचं कपाट. आम्हीही आता तसंच म्हणतो. "सूर्य सध्या प्रेसच्या मागे आहे," तो म्हणाला. मी अर्धा तास डाळींच्या डब्यांकडे बघत ओंकार केला.

शेवटी मी माझा प्रश्न विचारला. ताई हसल्या. "नवरे मंडळींचं काय घेऊन बसलात! सासूबाई असतीलच की जवळ."

तो क्लास आम्ही सोडला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाळंतिणीजवळ कुणीच नसेल, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती.

*

आमच्या आधी सहा आठवडे माझ्या मैत्रिणीची, पल्लवीची, तारीख होती. ती आणि तिचा नवरा निखिल स्लायगोला राहतात. निखिल भूलतज्ज्ञ. मिरजेला शिकला, आणि इथे दिवसभर बाळंतिणींना एपिड्युरल देतो, म्हणजे पाठीत ते कळांचं दुखणं थांबवण्याचं इंजेक्शन. त्यांनी जो क्लास लावला तिथे एपिड्युरलचा धडा आला तेव्हा याने शिकवणाऱ्या बाईंची तीन वेळा दुरुस्ती केली. चौथ्या वेळी पल्लवीने त्याला म्यूट केलं. वर, आपल्या बाळंतपणाच्या बेतात तिने ठळक अक्षरांत लिहून टाकलं: कुठलंही औषध नको.

बाळ आठवडाभर आधीच निघालं. निखिल त्या दिवशी त्याच हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होता. पण नियम म्हणजे नियम. डॉक्टर म्हणून तो त्याच मजल्यावरच्या कुठल्याही खोलीत जाऊ शकत होता, नवरा म्हणून बायकोच्या खोलीत नाही. सकाळपासून त्याने तिथल्या तीन बायकांना इंजेक्शनं दिली, आणि दर वेळी पल्लवीच्या बंद दारावरून पुढे गेला.

पल्लवी बाई हुशार. दुपारी तिने बेल वाजवली आणि सांगितलं, "बेत बदललाय. एपिड्युरल हवं."

दहा मिनिटांत दार उघडलं. आत आला निखिलचा सहकारी. घरच्या माणसाला आपण इंजेक्शन द्यायचं नसतं, हाही एक नियम होता.

"मग घेतलंस का?" मी विचारलं.

"घेतलं. एवढ्या लांबून आला होता बिचारा."

*

अखेर आम्हाला नोरीन सापडली. ट्रली गावची रिटायर्ड मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणं करणारी नर्स. स्वयंपाकघरात बसून झूमवर शिकवायची, मागे किटली शिट्टी वाजवत असायची. समीरच्या शीटमध्ये तिचा नंबर आठवा होता. आठ जोडपी होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. बाकीच्या सात बायका एकदम स्क्रीनजवळ आल्या. त्यांनाही तेच विचारायचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

नोरीनने उगाच धीर दिला नाही. म्हणाली, "एखादा आवाज धरून ठेव. कुणाचाही चालेल. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मोजणारा मात्र शांत हवा."

तेवढ्यावर आमचा क्लास ठरला.

दुसऱ्या रविवारी समीरने लिंक मला पाठवायच्या ऐवजी सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर टाकली. क्लास सुरू झाला तर नवव्या चौकटीत माझी आई! इस्त्रीची साडी, समोर डायरी, पेन उघडलेलं. नोरीनला वाटलं नवीन विद्यार्थिनी. तिने प्रेमाने तारीख विचारली.

आई न डगमगता म्हणाली, "ऑलरेडी डिलिव्हर्ड. टू. यू कंटिन्यू."

नोरीन म्हणाली, "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक', आणि शिकवायला लागली. मग नवऱ्यांनी मोजायचा सराव होता. समीरची पाळी आली. घाबरला की तो भरभर बोलतो. त्याचे सहा माझ्या तीनमध्येच संपले. तेवढ्यात नवव्या चौकटीतून आवाज आला, "समीरराव, थांबा जरा. मी दाखवते."

आईने सांगलीच्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं पीटी शिकवली आहे. तिने मराठीत मोजायला सुरुवात केली, सावकाश, पटांगणावर मोजायची तसं. एक, दोन, तीन, चार. बाकी कुणाला एक शब्द कळत नव्हता, आणि आठही बायका एकत्र श्वास घेत होत्या. पुढच्या रविवारी नोरीनने आईला स्वतःच लिंक पाठवली.

*

माझ्या कळा एका मंगळवारी सकाळी सुरू झाल्या. दहा वाजता मी वॉर्डात, समीर पार्किंगमध्ये. फोनवर तो मोजायला लागला आणि पहिल्याच कळेला माझा श्वास अडकला, इतका तो धावत होता. मी त्याला म्हटलं, तू ठेव. आणि सांगलीला फोन लावला. तिकडे दुपारचे साडेतीन वाजले होते. फोन स्पीकरवर उशीशी ठेवला आणि आईने मोजायला घेतलं.

माझ्या शेजारच्या पडद्याआड एक बाई होती. तिला मी शेवटपर्यंत पाहिलं नाही. आधी ती नुसती कण्हत होती, मधूनच रडत होती. तिचाही नवरा कुठल्या तरी गाडीत असणार. अर्ध्या-पाऊण तासाने माझ्या लक्षात आलं, की तिचं कण्हणं थांबलंय. आई सहा म्हणाली की पडद्यापलीकडूनही श्वास सुटायचा, माझ्याबरोबरच.

साडेबाराला मिडवाइफने तपासलं आणि म्हणाली, चल, खोलीत न्यायची वेळ झाली, नवऱ्याला बोलावते. मी उठून बसले, फोन हातात घेतला. पडद्याआडून आवाज आला, "तिला माझ्याजवळ ठेवून जातेस का?"

आईला काही सांगावं तर माझी पुढची कळ आली होती. मिडवाइफने माझ्या हातातून फोन घेतला आणि पडद्यापलीकडे ठेवला. मला चाकाच्या खुर्चीवरून नेत होते तेव्हा मागे मोजणं चालूच होतं.

समीर धावत वर आला. दोनच्या सुमाराला आमची मुलगी झाली. त्याने आपल्या फोनवरून सांगलीला बाबांना लावला. बाबा म्हणाले, ती साडेतीनपासून जागची हललेली नाही, चहासुद्धा तसाच निवला. मग त्यांनी फोन आईच्या कानाला लावला. आधी आम्हाला ऐकू आलं, "पाच... सहा."

"आई, मुलगी झाली," समीर म्हणाला. "दोघी छान आहेत."

"हो का? बरं झालं बघा," आई म्हणाली. "मग ठेवा आता, समीरराव. हिचं अजून व्हायचंय."